‘ब’ गटातला तीळ

इरा आणि नील,

गेल्या रविवारी फोनवर इराने माझ्या नव्या गोळीचं नाव वाचलं, तिथल्या तिथे शोधलं आणि घाबरून विचारलं, “आजी, ही तर डिप्रेशनची गोळी आहे. तू डिप्रेस्ड आहेस का? आईला का नाही सांगितलंस?” मी म्हटलं, “मी उदास नाही, माझं पोट उदास आहे.” ते तुम्हा दोघांना पटलं नाही. मग नीलने विचारलं, “पोटाच्या डॉक्टरने मनाची गोळी का दिली?” त्यावर मी सांगितलं की या गोळीच्याच कुळातल्या एका औषधावर मी पूर्वी काम केलं आहे, उंदरांच्या पोटात. मग इरा म्हणाली, “म्हणजे तू उंदीर मारायचीस?”

हो, मारायची. त्याचं पुरतं उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं. योगायोगाने आमच्या मुलुंडच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी माझ्याकडे लेख मागितला होता. एकच लिखाण दोन्हीकडे चालेल असं ठरवलं. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं आणि खरं सांगायचं तर मलाही. माझं शिक्षण पहिल्यापासून इंग्रजीत झालं. तरी मराठीत का लिहिते आहे, ते पुढे कळेल. अडलात तर आईला विचारा.

सन एकोणीसशे ऐंशीनंतरची ती वर्षं. मुलुंडच्या कारखान्यांच्या पट्ट्यात एका औषध कंपनीची लहानशी संशोधन शाखा होती, तिथे मी औषधशास्त्र विभागात होते. खाली गोळ्यांचं पॅकिंग, वर आम्ही, आणि मागच्या बाजूला पत्र्याच्या छपराचं अ‍ॅनिमल हाऊस. तिथे पांढरे उंदीर आणि थोडे ससे असत. आमचे प्रमुख डॉ. तळपदे यांना मन आणि पोट यांच्या नात्याचा ध्यास होता. माणसाला काळजी लागली की पोटात आग पडते हे आपल्या आजीलाही ठाऊक असतं. तळपद्यांना ते मोजायचं होतं.

मोजायचं कसं ते सांगते. उंदराला आदल्या दिवशी उपाशी ठेवायचं, नुसतं पाणी द्यायचं. मग त्याला जाळीच्या अरुंद नळीत घालायचं, इतक्या अरुंद की त्याला वळता येऊ नये, आणि ती नळी काही तास थंडीत ठेवायची. थंडी आणि कोंडी यांनी उंदीर इतका हबकतो की तेवढ्यात त्याच्या जठराच्या आतल्या अस्तरावर व्रण उठतात. त्यानंतर ईथरच्या वाफेत त्याला मारायचं. मग जठर काढून, कात्रीने उघडून, धुऊन, मेणाच्या ताटलीवर टाचण्यांनी पसरायचं आणि भिंगाखाली व्रण मोजायचे. ठिपके वेगळे, लांबट रेघा वेगळ्या. आधी ज्यांना औषध दिलं त्यांचे व्रण कमी आले तर औषधाने पोट राखलं असं म्हणायचं. माझं काम मोजण्याचं. ईथरच्या बरणीचं झाकण लावण्याचं कामही माझंच. हे वाचायला बरं वाटणार नाही, पण गोड करून सांगण्यात अर्थ नाही.

आमच्या या कामाला एक सुट्टी होती. संकष्टीला उंदीर मारायचे नाहीत. हा नियम कुठल्याही कागदावर नव्हता, पण तळपद्यांसारखा नास्तिक माणूससुद्धा प्रयोगाची तारीख ठरवताना भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे एकदा बघून घेई.

उंदरांची देखभाल महादेव परब करत. मूळचे मालवणकडचे, राहायला भांडुपला. गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचे, संपात नोकरी गेली आणि चाळिशीत आमच्याकडे टेम्पररी अटेंडंट म्हणून आले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं, “बाई, ह्यांची नावा काय?” मी म्हटलं, “नावं नसतात, नंबर असतात.” त्यांनी मान डोलावली आणि पाठ वळवून पिंजऱ्याला सांगितलं, “ऐकलंस? तुका नाव नाय.”

परबांची किंमत मला एका मे महिन्यात कळली. प्रयोगाच्या दिवशी सकाळी वीज गेली आणि शीतपेटी गरम व्हायला लागली. चोवीस उंदीर आदल्या दिवसापासून उपाशी. परब कुणाला न विचारता सायकल काढून गेले आणि भांडुपच्या मासळीबाजारातून दोन गोणपाटं भरून बर्फ घेऊन आले. प्रयोग वेळेवर झाला. फक्त सगळ्या खोलीला बांगड्यांचा वास येत होता. तळपदे नाक दाबून मला म्हणाले, “प्रधान, उंदरांना थंडीचा ताण बसतोय की मांजर जवळ असल्याचा?” मी ती शंका नोंदवहीत लिहून ठेवली आणि तो प्रयोग बाद धरला. परब दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मी व्यवस्थित होते, हे तुमची आई तुम्हाला सांगेलच, तक्रारीच्या सुरात. माझ्या विभागातल्या प्रत्येक कामाची सूचना टंकलिखित, क्रमांक घातलेली, प्लास्टिकच्या पाकिटात भिंतीला लावलेली असे. सगळ्या सूचना इंग्रजीत. परब सातवी शिकलेले, मराठीत. हे दोन्ही मला माहीत होतं. फक्त दोन्ही गोष्टी एकत्र करून कधी बघितल्या नव्हत्या.

आता मूळ गोष्ट.

त्या हिवाळ्यात आम्ही नैराश्यावरचं एक जुनं औषध घेतलं. परदेशात कुणाकुणाला असं दिसलं होतं की ही औषधं मनावर चालतात तशी पोटावरही चालतात. उंदरांचे दोन गट केले, ‘अ’ आणि ‘ब’. एका गटाला दोन आठवडे रोज औषध डिंकाच्या पाण्यात कालवून द्यायचं, दुसऱ्याला नुसतं डिंकाचं पाणी. द्यायचं म्हणजे बोथट, गोल टोकाच्या सुईने थेट पोटात सोडायचं. या कामात परबांचा हात माझ्याहून हलका होता, म्हणून ते त्यांच्याकडे. दोन्ही बाटल्या दिसायला सारख्याच पांढुरक्या. कुठल्या बाटलीत औषध आहे ते फक्त तळपद्यांना ठाऊक, आणि ते एका बंद पाकिटात त्यांच्या खणात. मोजणाऱ्याला गट कळला की डोळा लबाडी करतो, आपली इच्छा नसतानाही. म्हणून ही खबरदारी.

शेवटचा दिवस मकरसंक्रांतीनंतर तीन दिवसांनी आला. मी मोजायला बसले. सातव्या की आठव्या जठरात, अस्तराच्या घडीत, भिंगाखाली मला एक तीळ दिसला. अर्धा. उंदराने चावलेला, हे नंतर कळलं.

उपाशी उंदराच्या पोटात तीळ असण्याचं कारण नव्हतं. पहिला विचार आला तो माझ्याच पदराचा. संक्रांतीच्या आठवड्यात कुठल्या बाईच्या अंगावर तीळ सापडणार नाही? मीच घरी दोन डबे तिळगूळ वळला होता. पदर झटकला, तीळ चिमट्याने उचलला, माझ्या कच्च्या वहीत चिकटपट्टीखाली चिकटवला, शेजारी जठराचा क्रमांक लिहिला आणि पुढे मोजत राहिले.

दुसऱ्या दिवशी पाकीट उघडलं. ‘ब’ म्हणजे औषध. ‘अ’ची जठरं व्रणांनी भरलेली आणि ‘ब’ची जवळजवळ स्वच्छ. इतका फरक आम्ही आधी कुठल्याच औषधात बघितला नव्हता. तळपदे खुर्चीतून उठून खिडकीपर्यंत गेले आणि परत आले.

“प्रधान, मार्चमध्ये परिषद आहे. पेपर तुम्ही वाचायचा. पहिलं नाव तुमचं.”

अकरा वर्षांच्या नोकरीत माझं नाव कुठल्याही पेपरवर पहिलं आलं नव्हतं. मी घरी जाताना आठवणीने आंबाबर्फी घेतली. पण सगळं तपासून पाहिल्याशिवाय फाईल मिटायची नाही, ही सवय. सकाळी वही उघडली. तीळ ज्या जठरात सापडला ते ‘ब’ गटातलं होतं. जठरं फॉर्मॅलीनच्या बरण्यांत होती. मी ती सगळी काढून पुन्हा बघितली, या वेळी व्रण सोडून घड्या धुंडाळल्या. आणखी दोन जठरांत तिळाचे कण मिळाले. दोन्ही ‘ब’. ‘अ’ गटात एकही नाही. माझा पदर गट बघून तीळ सांडत नव्हता.

मी अ‍ॅनिमल हाऊसमध्ये गेले. परब पिंजऱ्यांतला भुसा बदलत होते. मालवणी आणि मुंबईची मराठी अशी सरमिसळ ते बोलत. गडबडले की मालवणी जास्त.

“परब, उंदरांना तिळगूळ दिलात?”

“सणाचो वायच दिलंय. घरात केललो. कित्याक?”

“सगळ्यांना?”

“नाय. ‘ब’वाल्यांकच.”

“त्यांनाच का?”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी पाणी ओलं का असतं असं विचारत होते. “बाई, ता औषध कडू जहर असा. वायच जिभेर लावलंय तर अर्धो तास जीभ मेली. असला कडू पोटात घालूचा आणि वर गुळाचो खडो पण नाय देवचो?”

“तुम्ही औषध चाखलंत?”

“चाखूक नको? पोराक औषध देताना आवस आधी चाखता ना? तुम्ही तुमच्या चेडवाक तसाच दिल्यात?”

तुमच्या आईला मीही औषधानंतर मधाचं बोट चाटवत असे.

“म्हणजे रोज? पहिल्या दिवसापासून?”

“रोज गूळ. संक्रांतीपासून तिळगूळ. हातार घेवन, पाठीर हात फिरवन. पयल्या दिसाक चावत होते, मगे स्वतः येवक लागले.”

“आणि ‘अ’वाल्यांना?”

“त्यांका काय? डिंकाचा पाणी तर असा.” मग माझा चेहरा पाहून हातातला भुसा खाली ठेवत म्हणाले, “बाई, काय चुकला?”

चुकलं ते असं. दोन गटांत औषधाखेरीज काहीच वेगळं असता कामा नये. इथे एका गटाला चौदा दिवस रोज कुणीतरी हातावर घेऊन, पाठीवरून हात फिरवून, गोड भरवत होतं. दुसऱ्या गटाला सुई मिळत होती आणि पिंजऱ्याचं दार बंद होत होतं. शिवाय उपासाच्या दिवशीही ‘ब’च्या पोटात गूळ गेला होता. पोट राखलं ते औषधाने, गुळाने की परबांच्या हाताने, हे सांगायला आता कुणीच उरलं नव्हतं. तीळ तिथे राहिला याचंही कारण ते औषधच असावं. त्याने पोटाची हालचाल मंदावते. नाहीतर तो केव्हाच पुढे सरकला असता आणि मला काही कळलं नसतं.

मी तळपद्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि हसले.

“अहो प्रधान, गुळाच्या खड्याने अल्सर थांबत असता तर आपली कंपनी कोल्हापुरात निघाली असती.”

“थांबतो की नाही ते आपल्याला माहीत नाही. म्हणूनच पुन्हा करायला हवं.”

“परिषद मार्चमध्ये आहे.”

“दोन आठवड्यांचे डोस आणि एक दिवस मोजणी. फेब्रुवारीत होतं.”

त्यांनी बराच वेळ पेन फिरवला. “ठीक आहे. पण झालेला प्रयोग बाद का केला ते नोंदवहीत लिहावं लागेल. लिहा, अटेंडंटने सूचना मोडल्या. एक ओळ पुरे. नाहीतरी तो टेम्पररी आहे.”

ती एक ओळ म्हणजे काय ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. परबांना कायम करण्याचा कागद त्याच महिन्यात माझ्या शिफारशीसाठी आला होता. नोंदवही वर जाई, सही होऊन परत येई. प्रयोग बिघडवल्याची ओळ वाचल्यावर एका टेम्पररी माणसाला कुणी कायम केलं नसतं. गिरणी गेल्यानंतर त्यांना ही दुसरी नोकरी मिळाली होती. तिसरी मिळण्याचं त्यांचं वय नव्हतं. परब माझे नातेवाईक नव्हते आणि मी फार हळव्या मनाची बाई नाही. चूक झाली असेल तर ज्याची त्याच्या नावावर पडावी, असं माझं मत होतं आणि आहे.

म्हणून मी अ‍ॅनिमल हाऊसच्या भिंतीवरचं प्लास्टिकचं पाकीट काढलं आणि परबांनी नक्की कुठली सूचना मोडली ते बघू लागले. डोस द्या. पिंजरा बंद करा. आदल्या दिवशी खाद्य काढून घ्या. खाद्य त्यांनी काढून घेतलं होतं. कुरवाळू नका, असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. दोन्ही गटांना सारखंच वागवा, हे वाक्य मी लिहिलंच नव्हतं, कारण ते सांगावं लागेल असं मला वाटलं नव्हतं. आणि जे लिहिलं होतं ते परबांना वाचता येत नव्हतं. ते पाकीट त्यांनी दोन वर्षं रोज फडक्याने पुसलं होतं.

नोंदवहीत मी लिहिलं: “दोन्ही गटांची हाताळणी सारखी नव्हती. याबाबत लेखी सूचना अपुऱ्या होत्या व संबंधितास समजेल अशा भाषेत नव्हत्या. जबाबदारी माझी.” खाली सही केली. परबांनी उंदरांना गूळ भरवल्याची हकिगतही लिहिली. ती लपवली असती तर पुढचं काही कळलंच नसतं. ओळ मात्र माझ्या नावावर राहिली. तळपदे वाचून म्हणाले, “तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताय.” मी म्हटलं, “असेन.”

दुसऱ्या वेळी चार गट केले. औषध आणि गूळ, नुसतं औषध, डिंकाचं पाणी आणि गूळ, नुसतं डिंकाचं पाणी. सगळे डोस मी दिले. चाखायला कुणाला बाटली मिळाली नाही. परबांना पिंजऱ्यांची यादी दिली, मराठीत लिहून: यांना गूळ आणि हात, यांना काहीच नाही. उपासाच्या दिवशी कुणालाच काही नाही. त्यांनी यादी नीट वाचली.

“म्हणजे ह्यांच्याकडे बघूचापण नाय?”

“नाही.”

“ते बघतत तेवा?”

“तेव्हाही नाही, परब.”

त्यांनी ते पाळलं. एकदा मी खिडकीतून पाहिलं, तर बिनगुळाच्या पिंजऱ्यांपुढून जाताना ते मान वळवून भिंतीकडे बघत जात होते.

मोजणीच्या दिवशी कुठलं जठर कुठल्या पिंजऱ्यातलं हे मला कळू नये म्हणून क्रमांक तळपद्यांनी घातले. निकाल असा आला. औषधाने पोट राखलं, ते खरं होतं. पण पहिल्या वेळेइतकं नाही, त्याच्या बरंच खाली. आणि ज्यांना औषधाचा थेंबही मिळाला नव्हता, फक्त रोज गूळ आणि परबांचा हात मिळाला होता, त्यांचेही व्रण कमी होते. औषधवाल्यांइतके कमी नाहीत, पण फरक भिंगाशिवाय दिसेल इतका.

मी परबांना सांगितलं. त्यांनी डोकं खाजवलं. “मगे ह्या औषध कित्याक काढतत?”

“सगळ्या उंदरांना परब मिळत नाहीत म्हणून.”

ते हसले. मी त्यांना हसवल्याचा तो बहुधा एकच प्रसंग.

परिषदेत पेपर वाचला गेला. तळपद्यांनी वाचला. पहिलं नाव त्यांचं, माझं तिसरं. त्यात औषधाचा खरा, लहान निकाल होता. त्याबद्दल माझी तक्रार नाही. गुळाचे दोन्ही गट मात्र त्यात नव्हते. “विषयांतर होतं,” तळपदे म्हणाले, “आणि लोक हसतील.” मी अंतिम मसुद्यावर सही केली. त्या सहीचं मला आजही वाईट वाटतं. तिळाची गोष्ट मी नोंदवहीत पुरी लिहिली आणि छापताना अर्धी सोडली. त्या वेळी भांडायला हवं होतं. मी परबांच्या कागदासाठी भांडण शिल्लक ठेवलं होतं, असं स्वतःला सांगितलं. त्यात थोडंच तथ्य असावं.

परब एप्रिलमध्ये कायम झाले. शिफारशीत मी लिहिलं होतं की प्राण्यांना हाताळण्यात त्यांच्यासारखा दुसरा माणूस विभागात नाही, आणि याला प्रयोगाचा पुरावा आहे. वरच्यांनी तो पुरावा मागितला नाही. त्या वर्षापासून माझ्या सगळ्या भिंतीवरच्या सूचना मराठीत झाल्या. पहिल्या सूचनेचं पहिलं वाक्य होतं: “सर्वांना सारखेच वागवावे.” परबांनी त्याखाली पेन्सिलीने लिहिलं, “गूळ असल्यास सर्वांना.” ते मी खोडलं नाही.

इरा, आता तुझं उत्तर. हो, मी उंदीर मारले, शेकड्यांनी. त्यातून जे कळलं त्याचा एक लहानसा भाग माझ्या या गोळीत असेल, नसेलही. माझ्या डॉक्टरला परब ठाऊक नाहीत. माझ्या गोळीला साखरेचं कवच आहे, त्यामुळे ती कडू लागत नाही. तरी तिच्यानंतर मी गुळाचा खडा तोंडात टाकते. साखर वाढेल म्हणून तुमची आई रागावते. तिला हा लेख वाचायला द्या.

संशोधन शाखा पुढे बंद झाली. तिथे आता रहिवासी इमारती आहेत. अधिकृत नोंदवह्या रद्दीत गेल्या, मी विचारायला गेले तेव्हा उशीर झाला होता. तळपदे नाहीत. परब निवृत्त होऊन गावी गेले आणि तिथेच वारले. त्यांच्या मुलाचं पत्र आलं होतं. माझी कच्ची वही कपाटात वरच्या खणात आहे. चिकटपट्टी पिवळी पडली आहे, जठराचा क्रमांक वाचता येतो, आणि त्याच्या शेजारी अर्धा तीळ अजून आहे.